केळीच्या खोलीतला सर्व्हर

राजपुरा, बुऱ्हाणपूर
सोमवार, दिवाळीच्या तोंडावर

चि. श्रीकांत यास,

ताईचे आशीर्वाद. थोरल्या बहिणीचे आशीर्वाद कधी आटत नसतात म्हणतात, म्हणून पाठवते आहे. यंदा हात जरा आखडता आहे, एवढं समजून घे. तुझी तब्येत ठणठणीत असेलच. (नसती तर फोन आला असता. तुमच्याकडचा फोन काम असलं की बरोब्बर लागतो.) लीलाच्या गुडघ्याला आराम पडला का? मुलं अभ्यास करतात का? इंदूरला थंडी सुरू झाली का? इकडे सर्व खुशाल. ह्यांचा खोकला होता तिथेच आहे, तुळशीला नवीन कुंडी आणली, आणि मी घरी बसले आहे. हे शेवटचं खुशालीत मोडतं की नाही ते पत्र संपेपर्यंत तूच ठरव.

तू पाठवलेला हक्कसोडीचा कागद मिळाला. दापोऱ्याच्या शेतातला माझा अर्धा हिस्सा मी राजीखुशीने, कुणाच्या दबावाशिवाय, भावाच्या प्रेमापोटी सोडते आहे असं त्यात छापलंय, आणि मी कुठे कुठे राजीखुशीने सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारल्या आहेत. फुल्या छान आल्यात. लहानपणी तुझं अक्षर कावळ्याच्या पायासारखं होतं, बाबा रोज ओरडायचे, आता सुधारलंय. दिवाळी झाली की गिऱ्हाईक शेत बघायला येणार आणि तोवर सही हवी, हेही कळलं. त्याबद्दल लिहितेच. पण आधी तू आमच्या ऑफिसात लावून दिलेल्या मशीनचं काय झालं ते वाच. फोनवर ऐकायला तुला सवड झाली नाही. कागदावर मला मधे तोडता येत नाही, हा कागदाचा मोठा फायदा आहे बघ.

मागच्या भाऊबीजेला तू आला होतास तेव्हा जोडणीचा हंगाम चालू होता. बँकेच्या शाखा एकमेकींना जोडल्या जात होत्या, तहसीलचे जमिनीचे खसरे कॉम्प्युटरवर चढत होते, जो तो कुणाला तरी कशाला तरी जोडायला निघालेला. मग आमच्या केळी उत्पादक सहकारी मंडळीचे चेअरमन चुडामण अण्णा कसे मागे राहणार? ते आपल्याकडे फराळाला आले आणि तू चकली मोडता मोडता दुकान मांडलंस. सहा टेबलांना सहा कॉम्प्युटर कशाला घेता अण्णा, थिन क्लायंट घ्या, म्हणालास. मग समजावून सांगितलंस, आणि खोटं कशाला बोलू, इतकं सुरेख सांगितलंस की मला तुझा अभिमान वाटला (तेव्हाचा आहे तो, आजच्यात धरू नकोस). म्हणालास, हा एवढासा डबा, मिसळणाच्या डब्याएवढा. ह्याला पडदा जोडायचा, कीबोर्ड जोडायचा, माउस जोडायचा; पण ह्याच्या पोटात साठवण नाही आणि डोकंही जेमतेम. चालू केला की तो तारेवरून सर्व्हरला हाक मारतो. सर्व्हर म्हणजे आतल्या खोलीतला मोठा कारभारी. आपण इकडे बटण दाबलं की ते दाबणं तिकडे पोचतं, बेरीज-वजाबाकी तिकडे होते, लिहिलेलं तिकडेच राहतं, आणि इकडच्या पडद्यावर येतं ते नुसतं त्याचं चित्र. इतकं झटकन येतं की टेबलावर बसलेल्याला वाटतं, सगळं माझ्याच डब्यात चाललंय. अण्णांच्या चेहऱ्यावरची माशी हलेना, तेव्हा तू कुंडी भंडाऱ्यावर, त्या जुन्या भुयारी पाण्याच्या कुंड्यांवर, आलास. कुंडीत वाकून बघितलं तर पाणी दिसतं ना अण्णा? ते कुंडीचं असतं का? सातपुड्याचं असतं. खालून बोगद्याने येतं आणि पुढे जातं. आपण मात्र म्हणतो, ह्या कुंडीला पाणी चांगलं आहे. अण्णांना लगेच समजलं. कुंड्यांवर बुऱ्हाणपूरच्या माणसाला काहीही समजतं.

मशीन वाईट होतं असं मी म्हणणार नाही. तुझ्यावर राग आहे म्हणून निर्जीव वस्तूवर कशाला काढू? सुरुवातीचे महिने मजेत गेले. वीज कमी खायचं, आवाज नाही, गरम होत नाही, आणि चोराने उचलून नेला तरी त्याच्या हाती रिकामा डबाच. पावसाळ्यात माझ्या डब्यात पाल शिरली आणि मेली. मला वाटलं गेलं, सगळं गेलं, सकाळपासूनच्या वजनकाट्याच्या नोंदी गेल्या. तू म्हणाला होतास तसा मी कपाटातला जादा डबा काढून जोडला, माझं नाव आणि परवलीचा शब्द घातला, तर काय! अर्धं लिहिलेलं वाक्य जिथे सोडलं होतं तिथेच उभं, पुढची रेघ लुकलुकतेय. पालीने मारला तो नुसता चेहरा, काम तिकडे सुखरूप. मी सगळ्यांना पेढे वाटले होते. (उषा म्हणाली, पालीला गती मिळाली म्हणून का? ती शेजारच्या टेबलावर बसते, तिच्या जिभेला हाड नाही.) तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की जे सगळं तिकडे आहे, ते तिकडचं काही झालं तर इकडे कुणाकडे मागायचं? पण सुखात असलेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

आता त्या सर्व्हरला कुठे ठेवलं ते ऐक. तू फोनवर सांगितलंस की त्याला थंड जागा हवी, एसी असलेली. आमच्या ऑफिसात एसी एकाच खोलीत, अण्णांच्या. तिथे ठेवला दोन दिवस, पण त्याच्या पंख्याच्या घरघरीने अण्णांची दुपारची झोप मोडायला लागली. झोपमोड झाल्यावर अण्णा माणसात राहत नाहीत. मग राहिली दुसरी थंड जागा, मागची केळी पिकवायची खोली. तिथे रात्रंदिवस गारवा, जाड दार, कुलूप, येणंजाणं फक्त केळी पिकवणाऱ्या कडूभाऊंचं. अण्णा म्हणाले, ह्याच्याहून चांगली जागा राष्ट्रपतींना मिळणार नाही. मी तुला फोन केला. नीट आठव, मी स्वतः केला. म्हटलं, श्रीकांत, पिकवायच्या खोलीत ठेवतोय, चालेल ना? तू गाडी चालवत होतास, मागून हॉर्न वाजत होते, आणि तू म्हणालास, थंड आहे ना ताई? मग ठेवा. अरे, खोली कशाची, आत काय असतं, एवढं तरी विचारावं! केळीच्या मुलखात जन्मलास. केळी पिकवायच्या खोलीत गारवा असतो तसा ओलावाही असतो, फरशी सदा पाण्याने भिजवलेली असते, भिंतींना घाम फुटलेला असतो, हे तुला मी शिकवायचं? बाबांनी तुला इंदूरला पाठवलं तेव्हा डोक्यातलं दापोरं स्टेशनवरच उतरवून घेतलं का कुणी?

कडूभाऊंचा उत्साह तर विचारू नकोस. मुंबईहून जावई आल्यासारखी त्यांनी त्या सर्व्हरची सरबराई केली. क्रेट उलटे घालून आसन केलं, भिंतीला भोक पाडून तारा घेतल्या, आणि रोज सकाळी फरशीवर पाणी मारून झालं की त्याच ओल्या फडक्याने त्याला वरून खालून पुसायचे. धूळ म्हणून बसू दिली नाही. आणि गंमत अशी की आठवडाभरात त्या कोपऱ्यातली केळी बाकीच्यांच्या आधी पिवळी व्हायला लागली. सर्व्हर गरम, त्याच्या उबेने ती लवकर पिकली, एवढंच. पण अण्णांनी काय समजावं? त्यांनी सर्वसाधारण सभेत उभं राहून जाहीर केलं की कॉम्प्युटरीकरणामुळे केळी पिकण्याचा वेग वाढला असून पुढच्या वर्षी आणखी दोन सर्व्हर घेण्यात येतील. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. डोईफोडियाहून आलेल्या एका सभासदाने विचारलं, शेतात लावला तर चालेल का? त्यालाही टाळ्या पडल्या.

दसऱ्याला शस्त्रपूजा झाली. सहाही डब्यांना हळदकुंकू, झेंडूचा हार, आपट्याचं पान. वजनकाट्याला पूजा, ट्रकला नारळ. आतल्या खोलीतल्या सर्व्हरची आठवण कुणाला झाली नाही, कारण तो कुणाला दिसतच नव्हता. दसऱ्यानंतर दोनचार दिवसांनीच सकाळी आम्ही सगळ्यांनी डबे चालू केले आणि सहाही पडदे काळे. वर इंग्रजीत एक ओळ, की यजमान सापडत नाही. उषाने स्वतःचा डबा चापट्या मारून पाहिला. मी जादा डबा जोडला, त्याच्यावरही तीच ओळ. यजमानच नाही तर पाहुण्याने कुणाकडे जेवायचं? कडूभाऊ धावत आले, म्हणाले ताई, आवाज बंद झालाय, मला वाटलं झोपलाय. खंडव्याहून माणूस बोलावला. त्याने झाकण उघडलं तर आतून पाण्याचा ओघळ आला, आणि पट्ट्यांवर हिरवा-निळा थर चढलेला, देवघरातल्या न घासलेल्या तांब्यासारखा. त्याने विचारलं, ये मशीन है या मछलीघर? अण्णा अजूनही म्हणतात की दसऱ्याला पूजा चुकली म्हणून झालं. त्यांचं एका अर्थी बरोबर आहे. जो सगळ्यांचा भार वाहतो त्याच्याकडे आमच्यात कुणी बघत नाही.

नोंदींची दुसरी प्रत? "नंतर लावू ताई, घाई काय आहे." हे तुझं वाक्य. मी तुला तीनदा आठवण केली होती. हंगामाच्या सगळ्या काट्याच्या नोंदी त्या मछलीघरात बुडाल्या. बाहेर ट्रक उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, आणि दारात शेतकरी. दापोऱ्याचे यादव पाटील माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाले, सुलभाताई, माझी केळी कुठं गेली? मी काय सांगू, सर्व्हरमध्ये गेली? जैनाबादच्या भागाबाई काठी आपटत आल्या आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणाल्या, मशीन बिमार है तो डाकदर बुलाव, मेरी केली को कायको मारते! अण्णांनी शेवटी तोडगा काढला, की ज्याने त्याने आपापलं वजन देवाला स्मरून सांगावं. सांगितलं. श्रीकांत, त्या दिवशी बुऱ्हाणपुरात केळीचं असं पीक आलं की तसं कुणी पाहिलं नाही, पुढेही पाहणार नाही. ज्यांच्या बागा वादळात आडव्या झाल्या होत्या, त्यांचे घड सगळ्यांत जड निघाले.

मी तुला फोन करत होते. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. तू उचलला नाहीस. संध्याकाळी मेसेज यायचा की मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो. आणि त्याच आठवड्यात तुझा फोन आला! मी ओल्या हाताने पळत जाऊन घेतला. म्हटलं, आला बाई देव धावून. तर तू म्हणालास, ताई, वकिलाकडून कागद पाठवलाय, फुल्या मारल्यात तिथे सह्या कर. मी म्हटलं, अरे सर्व्हर... तू म्हणालास, ते बघू, आधी हे महत्त्वाचं. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मला रडू आलं. सांगते स्पष्ट, लाज कसली? इतकी वर्षं झाली पण भावाच्या फोनने असं रडू आलं नव्हतं.

मग बैठक झाली. अण्णा खुर्चीवर, सगळे सभासद गादीवर, मी उभी. विषय एकच: मशीन कुणाच्या भावाने दिलं? त्या खोलीत ठेवायचं अण्णांनीच ठरवलं होतं, पण ते कुणाला आठवेना. (मी म्हटलं कडूभाऊंना विचारा. कडूभाऊ फरशीकडे बघत राहिले. त्यांनाही पोट आहे, माझा त्यांच्यावर राग नाही.) अण्णा गोड बोलले. माणूस हाकलायचा असला की ते फार गोड बोलतात. म्हणाले, सुलभाताई थकल्यात, दिवाळीपर्यंत घरी आराम करू द्या, मग बघू. मी म्हटलं, अण्णा, मी इथे कायम आहे ना? ते हसून म्हणाले, तुम्ही तर घरच्याच, तुम्हाला कागद कशाला? आणि मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की खरंच माझ्याकडे कागद नाही. नेमणुकीचा नाही, बढतीचा नाही, कसलाच नाही. मंडळी उघडली त्या दिवसापासून ऑफिसची चावी माझ्या पदराला, अण्णांच्या सह्यासुद्धा कुठे करायच्या ते मी दाखवायची, आणि अख्खं बुऱ्हाणपूर म्हणायचं की मंडळी सुलभाताई चालवतात. मलाही तसंच वाटायचं. एका दुपारी तार काढली आणि सुलभाताई काळ्या. किल्ली टेबलावर ठेवून रिक्षाने घरी आले.

आमच्या ह्यांचं तुला माहीतच आहे. त्यांच्या शब्दकोशात दोनच शब्द, "जाऊ दे". नोकरी गेली, जाऊ दे. दुधात पाणी आलं, जाऊ दे. तुझ्या कागदाचं सांगितलं तर म्हणाले, करून टाक सही, भावाशी वाईटपणा कशाला, आपल्याला काय करायची आहे शेती, जाऊ दे. आणि मी करणारही होते रे. तुझी शपथ. चष्मा लावला होता, पेन झटकलं होतं. मग मनात आलं, बाबा गेल्यापासून शेतात पाऊल टाकलेलं नाही. सोडायचंच आहे तर निदान एकदा डोळ्यांनी बघून तरी सोडू. ह्यांना म्हटलं, स्कूटर काढा, दापोऱ्याला जाऊ. ते म्हणाले, आत्ता? जाऊ दे. मी म्हटलं, जाऊ दे नाही, जाऊ या.

आणि मग शेत बघितलं. तू बघितलं आहेस का इतक्यात? नसशीलच. विहिरीवरची मोटार जळून बंद पडली आहे. विहिरीत पाणी आहे, वाकून बघितलं, चांगलं काठोकाठ आहे. पण बागेला थेंब नाही. पानं फाटून खाली लोंबतायत, घड भरायच्या आधीच वाळलेत, केळी बोटाएवढी आणि काळी. आपलं शेत बटाईने करणारा गिरधर खोडाला टेकून बसला होता. मी त्याला फाडफाड बोलले. मोटार जळली तर दुरुस्त करायला काय धाड भरली होती तुला? तो म्हणाला, ताई, मी कोणाला विचारू? भैयाचा हुकूम आहे की बिना पूछे काही करू नको. खत टाकायचं तर इंदूरला फोन, फवारणी करायची तर इंदूरला फोन, खोडाशेजारचं पिल कापायचं तर इंदूरला फोन. रोज फोन लावतो, भैया उचलत नाहीत. बागेचं तर सगळं इंदूरला आहे ना ताई, इथं काय आहे?

मी बांधावर बसले. श्रीकांत, तू माझ्या ऑफिसात सर्व्हर लावलास त्याच्या किती तरी आधी दापोऱ्याला लावून ठेवला होतास. जमीन इथे, पाणी इथे, राबणारा माणूस इथे, आणि अक्कल तेवढी इंदूरला. गिरधर नुसता डबा. मीही डबाच, फुली दिसली की सही उमटवणारा. तिकडून हाक येईना म्हणून भर पाण्याच्या विहिरीशेजारी बाग तहानेने मेली. तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही, तू फक्त मीटिंगमध्ये होतास. पण मला इतकी चीड आली, इतकी चीड आली, की ह्यांनी सवयीने "जाऊ..." एवढं म्हणून पुढचं गिळलं.

मी गिरधरला म्हटलं, मोटार काढ. तो म्हणाला, भैयाला विचारून? मी म्हटलं, बाबांच्या पश्चात खसऱ्यात नाव दोघांचं आहे, भैयाचं आणि माझं. मी सांगतेय, काढ. त्याने काढली. आम्ही दोघं नवराबायको स्कूटरवर, मधे ती मोटार गोणपाटात गुंडाळलेली, माझ्या नव्या साडीला ग्रीस लागलं ते वेगळंच. शनवारा मोहल्ल्यातल्या दुकानात जाऊन वाइंडिंग करून घेतलं. तिथला पोऱ्या म्हणाला, बाई खुद लाई मोटर! मी म्हटलं, मग कोणी आणायची, सर्व्हरने? त्याला कळलं नाही, पण माझं मन हलकं झालं. सूर्य मावळायच्या आत पाणी चालू झालं. पाटातून ते पहिल्या खोडापाशी पोचलं तेव्हा गिरधरने चप्पल काढली. मीही काढली. जी बाग गेली ती गेलीच, पण खालून पिलं फुटलेली आहेत, ती धरतील. आता मी रोज जाते. डबेवाल्या ऑफिसात जायची त्याच वेळेला निघते, पोळीभाजी बांधून. गिरधर आता मला विचारतो, आणि मी त्याला म्हणते, तुला काय वाटतं ते आधी सांग. पहिले दोन दिवस त्याला बोलताच येईना.

तर एवढं आहे. मनाला लावून घेऊ नकोस. (थोडं घेतलंस तरी चालेल.) लीलाला सांग, ताईंना शेतीतलं काय कळतं असं ती मागे म्हणाली होती ते अगदी खरं आहे, शिकते आहे. मुलांना गोड पापा. ह्यांचा नमस्कार... नाही, आशीर्वाद. ते थोरले आहेत, त्यांच्याच लक्षात राहत नाही.

तुझी,
सुलभाताई

ता. क. : खंडव्याच्या माणसाने सर्व्हरला मृत घोषित केलं असलं तरी कडूभाऊंनी आशा सोडलेली नाही, त्यांनी तो गच्चीवर उन्हात पापडांशेजारी वाळत घातला आहे. सहा डबे मात्र ठणठणीत आहेत. त्यांना काय होतंय? त्यांच्यात होतंच काय? अण्णांचा निरोप आहे की त्याच्याबदली दुसरा सर्व्हर कधी पाठवतोस. तो निरोप मी पोचवला, माझं काम संपलं.

दुसरा ता. क. : उषा सांगत आली की मंडळीत माझ्या खुर्चीवर अण्णांचा भाचा बसवला आहे आणि तो पहिल्या दिवशीच काटापावत्या उलट्या फाडून बसला. अण्णांनी बोलावलं आहे, "घरच्याच आहात, या परत." मी म्हटलं, नेमणुकीचा कागद आधी घरी पाठवा, मग वाचून बघेन. ते अजून विचार करतायत. करोत.

तिसरा ता. क. : तुझा कागद सोबत परत पाठवते आहे. सही केलेली नाही, करणार नाही. फुल्या खोडरबराने पुसल्या आहेत, कागदाची मागची बाजू कोरी आहे, मुलांना चित्रं काढायला होईल. तहसीलीत वाटणीचा अर्ज दिला आहे. गिऱ्हाइकाला घेऊन येण्याआधी तुला माहीत असावं म्हणून कळवते. शेताचे दोन वाटे मी गिरधर आणि पाटलांना सोबत घेऊन, दोर लावून, खुंट्या ठोकून पाडले आहेत. एकाला रस्ता जास्त, एकाला काळी जमीन जास्त, विहीर दोघांत सामाईक. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे: थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. कुठला माझ्याकडे राहील ते मला माहीत नाही, त्यामुळे पाडताना माझा हात कुठेच कलला नाही. भाऊबीजेला ये. ओवाळीन, जेवू घालीन, मग बांधावर जाऊ. तुझा उचल. उरलेला माझा.